चार इंजिनांचं लँकॅस्टर: मॉडेल करताना या चुका टाळा

माझं पहिलं लँकॅस्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बरचं प्लास्टिकचं मॉडेल, हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. त्याच्या पोटात एक खिडकी पडलेली आहे. फ्युजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन्ही अर्धे चिकटवले होते, सांधा घासून झाला होता, प्रायमरही (रंगाआधीचा थर) मारला होता. बोटाने धूळ पुसायला गेलो आणि तांदळाच्या दाण्याएवढा तो पारदर्शक तुकडा टुपकन आत गेला. बाहेर काढायचा तर विमान फोडायला हवं होतं. जीव झाला नाही.

बॉम्बरमधल्या बहुतेक चुका अशाच असतात. आज केलेली चूक आज दिसत नाही, तीन आठवड्यांनी रंग चढला की दिसते. एका इंजिनाच्या छोट्या फायटरमध्ये मागे फिरायला फार लांब जावं लागत नाही. इथे चार इंजिनं, तीन टरेट (बंदुकांचे फिरते घुमट) आणि शेपटीवर दोन उभे फिन, शिवाय एक भाग बंद करण्याआधी दुसरा आत बसलेला असावा लागतो. त्यामुळे बिघाड दिसला की तो कुठे आहे यापेक्षा तो कोणत्या संध्याकाळी झाला हे आधी शोधायचं. उदाहरण सगळीकडे ॲव्ह्रो लँकॅस्टरचं घेतलंय, कारण मी तेच सगळ्यात जास्त वेळा बिघडवलंय. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ३१ मीटर, म्हणजे १:७२ मापात साधारण ४३ सेंटिमीटर. किट विकत घेण्याआधी कपाटाचा कप्पा मोजा, ही पहिली चूक तिथेच टळते.

काच आत पडली, काच धुरकटली

खिडक्या आत पडतात कारण आपण त्या थेंबभर गोंदावर बसवतो आणि नंतर तासन् तास त्याच जागी अंगठा दाबून फ्युजलाज घासतो. छोट्या खिडक्या मी आता किटमधल्या वापरतच नाही. सगळं रंगवून झालं की टूथपिकवर पांढरा पीव्हीए गोंद घेऊन भोकावर पडदा ओढल्यासारखा फिरवतो. सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि तोवर आत पडायला काही नसतंच. बऱ्याच लँकॅस्टरवर त्या खिडक्या रंगाने झाकूनही टाकलेल्या असायच्या. तुमच्या विमानाचा फोटो तसा असेल तर भोकं बुजवून मोकळे व्हा.

धुरकटपणाचं कारण सुपरग्लू. त्याची वाफ बंद कॉकपिटमध्ये कोंडते आणि कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेवर, आतून पांढरी साय धरते. कॅनॉपीला पीव्हीए किंवा कॅनॉपीचा खास गोंद लावा आणि जवळपास कुठे सुपरग्लू वापरला असेल तर पूर्ण एक दिवस थांबा. धुरकट झालीच आणि काच अजून सुटी असेल, तर ती ग्लॉस ॲक्रिलिक वॉर्निशमध्ये बुडवून, टिश्यूवर कोपरा टेकवून जादा वॉर्निश उतरवा आणि झाकून सुकू द्या. बहुतेक साय निघून जाते.

पारदर्शक प्लास्टिक साध्यापेक्षा ठिसूळ असतं. कटरने थेट मुळाशी तोडलं तर चंदेरी चीर आत शिरते आणि ती कशानेच जात नाही. थोडं लांबून बारीक करवतीने कापा, उरलेलं घासून काढा.

सांध्याची रेघ परत परत वर येते

पुट्टी भरली, घासली, बोटाला गुळगुळीत लागली, आणि काळा रंग मारल्यावर पाठीवरून नाकापासून शेपटीपर्यंत रेघ उभी. याची कारणं सहसा दोन. एकतर पुट्टी सुकताना आकसते आणि आपण ती आकसायच्या आधीच घासलेली असते. नाहीतर प्रायमर न मारताच समाधान मानलेलं असतं. बोट खोटं बोलतं, करडा प्रायमर बोलत नाही.

मला पुट्टीपेक्षा हा मार्ग भरवशाचा वाटतो: सांध्यात पातळ प्लास्टिक सिमेंट सोडायचं, अर्ध्या मिनिटाने दोन्ही अर्धे दाबायचे, वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वळी बाहेर आली पाहिजे. टेप लावून निदान एक दिवस विसरून जायचं आणि मग ती वळी सुरीच्या पात्याने खरवडायची. भरलेला मालही प्लास्टिकच, त्यामुळे आकसण्याची भानगड कमी. सुपरग्लूने फट भरलीत तर मात्र त्याच दिवशी घासा. दुसऱ्या दिवशी तो भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग पॉलिश पेपर शेजारचं प्लास्टिक खातो आणि रेघ जागीच राहते.

एक उलटी चूकही आहे, उत्साहाची. खरं लँकॅस्टर तुकड्यातुकड्यांत बनवून जोडलं जाई, त्यामुळे फ्युजलाजवर आडवे सांधे खरोखरच होते. ते बुजवू नका. जायला हवी ती पाठीवरची आणि पोटावरची लांब रेघ, कारण ती फक्त किटमध्ये असते.

विमान तिरकं उभं आहे

समोरून, टेबलाच्या पातळीवर डोळा आणून बघा. लँकॅस्टरच्या पंखाचा मधला भाग, आतल्या दोन इंजिनांपर्यंतचा, सपाट असतो. तिथून बाहेरचा भाग वर उचललेला. नवशिका माणूस पंख मुळापासूनच वर उचलतो किंवा दोन बाजूंना वेगवेगळा उचलतो. गोंद पूर्ण घट्ट व्हायच्या आत दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या वस्तू ठेवा (मी दोन सारख्या काड्यापेट्या ठेवतो) आणि रात्रभर हात लावू नका.

मागचे दोन अंडाकृती फिन काटकोनात उभे हवेत, आणि इथली अर्ध्या मिलिमीटरची चूकही नजरेत भरते, कारण बरोबर मधे मागचा टरेट असतो आणि डोळा आपोआप तुलना करतो. आधी आडवी शेपटी पंखांशी समांतर करा. ती नीट वाळल्याशिवाय फिनना हात नाही.

चाकांचे पाय बऱ्याच किटमध्ये आतल्या इंजिनांच्या पोटात, पंख बंद व्हायच्या आधीच बसवायला सांगतात. सूचना मुकाट्याने पाळलीत तर पुढचे तीन आठवडे ते पाय वाकत, मोडत राहतात. कोरडं लावून बघा. थोडं घासून ते शेवटी सरकवता येत असतील तर शेवटीच सरकवा.

नाकात वजन घालण्याबद्दल थोडक्यात: लँकॅस्टरचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, ते तसंही शेपटीवरच बसतं. वजन लागतं ते बी-२४, बी-२५, बी-२९ अशा नाकाखाली चाक असलेल्या विमानांना. शिशाचे छर्रे घालत असाल तर ते पीव्हीएने चिकटवू नका. शिसं आणि पीव्हीए यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते, मिश्रण फुगतं आणि काही वर्षांनी नाक उकलतं. एपॉक्सी वापरा.

रंग

इथे सगळ्यात जास्त मॉडेलं बिघडतात, आणि दोष रंगाला दिला जातो. आधी लक्षणं ओळखा. पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत झाला तर रंग हवेतच सुकला: एअरब्रश फार लांब होता किंवा दाब जास्त होता. संत्र्याच्या सालीसारखा झाला तर रंग घट्ट होता. कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटले तर रंग पातळ आणि हात फार जवळ. पहिल्या दोन्हींवर उपाय एकच, पूर्ण सुकल्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलकेच फिरवणं आणि पातळ थर पुन्हा देणं. रंग ओला असताना दुरुस्त करायला जाणं ही आणखी एक चूक, आणि ती या सगळ्यांपेक्षा वाईट.

टेप काढताना रंग निघून आला तर मागे जा, अगदी पहिल्या संध्याकाळी. किटचे सुटे भाग साच्यातून निघताना अंगावर तेलकट थर घेऊन येतात. भांड्याच्या साबणाने ते कोमट पाण्यात धुतले नसतील तर प्रायमर प्लास्टिकला धरत नाही, नुसता वर बसून राहतो. टेप लावण्याआधी ती एकदा हाताच्या पाठीवर चिकटवून काढली की तिचा चिकटपणा पुरेसा उतरतो. दुसरं म्हणजे, इनॅमल रंगावर लॅकर रंग मारू नका. खालचा थर सुरकुततो आणि मग सगळं खरवडण्यापलीकडे काही उरत नाही.

लँकॅस्टरचे नेहमीचे रंग वर डार्क अर्थ (तपकिरी) आणि डार्क ग्रीन, बाजू आणि पोट नाइट, म्हणजे काळा. क्रमही तोच ठेवा, फिक्यापासून गडदाकडे. हिरव्या-तपकिरीच्या सीमेवर हाताने एअरब्रश फिरवला तर दोन मिलिमीटरची धूसर कड येते. १:७२ मध्ये दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर चौदा सेंटिमीटर धुकं. ब्लू टॅकच्या (कणकेसारखा चिकट माल) बारीक वळ्या करून सीमेवर ठेवल्या की कड आटोपशीर येते.

काळ्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. बाटलीतला शुद्ध काळा वापरू नका. छोट्या वस्तूवर तो भोकासारखा दिसतो, उठाव सगळा गिळून टाकतो. त्यात गडद करडा मिसळा. आणि पोट, टायर, प्रोपेलर, बंदुकीच्या नळ्या यांना एकच काळा देऊ नका. टायर किंचित तपकिरीकडे, नळ्या पोलादी, प्रोपेलर थोडा करडा. नाहीतर महिनाभर घासलेलं सगळं एका डागात जमा होतं.

दोन वेगळ्या वर्षांचं एक विमान

कुशल हातांकडून सर्रास होणारी चूक ही. एकाच किटमध्ये अनेक विमानांचे डेकल (चिकटवायच्या छापील खुणा) आणि जादा भाग येतात, आणि आपण आवडेल ते लावत सुटतो. १९४२ मध्येच ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या विमानांवरची स्क्वाड्रनची अक्षरं करड्याची मंद लाल झाली आणि फ्युजलाजवरच्या गोल खुणेतला पांढरा पट्टा अरुंद झाला. पंखाखाली गोल खूण लावण्याचा मोह होतो, पण रात्रीच्या बॉम्बरना ती तिथे नसे. पोटाखालचा एच२एस रडारचा फुगवटाही सुरुवातीच्या विमानांवर नाही.

सगळ्यात जास्त गफलत जर्मन धरणांवरच्या हल्ल्याच्या विमानांची होते. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ६१७ स्क्वाड्रनची १९ लँकॅस्टर गेली, त्यातली ८ परतली नाहीत. त्यांच्या पाठीवरचा मधला टरेट काढलेला होता आणि बॉम्ब-कप्प्याची दारंही काढून टाकली होती, कारण पिंपासारखा तो बॉम्ब दोन बाहूंमध्ये आडवा टांगायचा होता. हल्ल्याचा म्होरक्या गाय गिब्सनचं ईडी९३२, अक्षरं एजे-जी, करताना पाठीवर टरेट बसवलात तर बाकी काम कितीही सुबक असो, जाणकाराची नजर तिथेच अडते. किटच्या डब्यावरचं चित्र पुरावा म्हणून धरू नका, त्या विमानाचा त्या महिन्याचा फोटो शोधा.

डेकलखाली चंदेरी झाक

मॅट पृष्ठभाग जवळून खडबडीत असतो, डेकलखाली हवा कोंडते आणि ती काळ्यावर फार चमकते. डेकलआधी ग्लॉस वॉर्निश द्यायलाच हवं. झालीच झाक तर बारीक सुईने टोचे मारा आणि वर डेकल मऊ करणारं द्रावण लावा, दोन-तीन वेळा. द्रावण लावल्यावर डेकल मनुक्यासारखा सुरकुततो. घाबरून बोट लावलं की फाटलाच. खोलीबाहेर जा.

प्रोपेलर उलटे

लँकॅस्टरचे चारही प्रोपेलर एकाच दिशेने फिरत, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पात्याची फुगीर बाजू पुढे, सपाट बाजू वैमानिकाकडे. सुटी पाती असलेल्या किटमध्ये ती उलटी बसवणं सोपं आहे, आणि मी एकदा चारांपैकी फक्त एकच उलटा बसवला होता. चारही उलटे असते तर निदान कुणाच्या लक्षात आलं नसतं. पात्यांची टोकं पिवळी, चार इंचांची, म्हणजे आपल्या मापात दीड मिलिमीटरहूनही कमी. आधी पिवळा, मग टेप, मग काळा.

मळवणं

०.२ मिलिमीटरची पॅनेल-रेघ (पत्र्यांच्या सांध्याची) म्हणजे खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरची फट. तीत काळाकुट्ट वॉश (अगदी पातळ रंग) भरला की विमान आलेखाच्या कागदासारखं दिसतं. हिरव्यावर गडद तपकिरी पुरतो, काळ्यावर उलट फिका करडा.

रंग उडालेले चंदेरी टवकेही जपून. ७,३७७ लँकॅस्टर बनली, त्यातली कितीतरी जुनी व्हायच्या आधीच संपली. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममधलं आर५८६८, ‘एस फॉर शुगर’, १३७ मोहिमांचं श्रेय बाळगतं. राइशच्या, म्हणजे नाझी जर्मनीच्या, भूमीवरून शत्रूचं एकही विमान उडणार नाही हे जर्मन हवाई दलप्रमुख गोरिंगचं वाक्य त्याच्या नाकावर, मोहिमांच्या खुणांच्या ओळींबरोबर रंगवलेलं आहे. असं विमान करत असाल तर खुशाल मळवा. पाच-सहा मोहिमांच्या खुणा असलेल्याला एक्झॉस्टचे डाग पुरेत: इंजिनांमागे पंखावर, हवेच्या दिशेने, अगदी पातळ तपकिरी आणि त्यावर करड्याची फुंकर.

शेवटचा मॅट वॉर्निश दमट दिवशी मारू नका. काळ्या पोटावर पांढरं दव धरल्यासारखं होतं. झालंच तर वरून पुन्हा ग्लॉसचा एक थर द्या, बहुतेक वेळा पांढरेपणा जातो, मग कोरड्या दिवशी मॅट. आठ बंदुकांच्या नळ्या त्यानंतरच बसवा: पुढे दोन, पाठीवर दोन, मागे चार. आधी बसवल्यात तर त्यातल्या निदान तीन जमिनीवर शोधाव्या लागतात.