गाण्याचा आत्म्यावर परिणाम होतो का? गाणं कसं पारखायचं ते सांगतो

हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) सारखा निघतो, तरुण संघात तर हमखास. कोणी म्हणतं रॉक ऐकलं की दुष्टात्मा शिरतो, कोणी म्हणतं ढोलकी चर्चमध्ये नको कारण ती तमाशात वाजते, आणि कोणी म्हणतं अहो गाणं म्हणजे नुसता आवाज, त्याने काय होतंय. मी बरीच वर्षं क्वायरला पेटीची साथ करतो आणि मला ही तिन्ही उत्तरं अपुरी वाटतात. परिणाम होतो, नक्की होतो, पण तो सुरात किंवा वाद्यात कोंबून ठेवलेला नसतो, तो गाण्याचे शब्द, ऐकणाऱ्याचं मन आणि गाणं कुठे कशासाठी वाजतंय या सगळ्यातून घडतो. म्हणून "हे वाद्य चालेल, ते नको" अशी यादी पाठ करण्यापेक्षा गाणं पारखायला शिकलेलं बरं.

सुरुवात बायबलपासूनच करा. १ शमुवेल १६ काढा आणि त्याच बैठकीत १८ वा अध्यायसुद्धा वाचा, कारण बहुतेक लोक १६ वर थांबतात आणि तिथेच घोळ होतो. १६ मध्ये दुरात्मा इस्राएलाचा राजा शौल याला छळतो, त्याच्या सेवेतला तरुण दावीद वीणा वाजवतो, शौलाला बरं वाटतं. हे ऐकून आपण म्हणतो बघा, संगीताने दुरात्मा पळतो. पण १८ मध्ये तोच दावीद, तीच वीणा, तोच राजा, आणि दावीद नेहमीसारखा वाजवत असतानाच शौल त्याच्यावर भाला फेकतो, आणि १९ मध्ये परत तेच. वाजवणाऱ्यात काही कमी नव्हतं. मधल्या काळात शौलाच्या मनात दाविदाबद्दल मत्सर भरला होता आणि तो त्याने सोडला नाही. म्हणजे वीणेने त्याला उसंत मिळाली, पण पश्चात्ताप वीणा करून देऊ शकत नव्हती. माझं सगळं म्हणणं या दोन अध्यायांवर उभं आहे, म्हणून ते घाईत वाचू नका.

मग दानीएल ३ वाचा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने सगळी वाद्यं एकदम वाजवायला लावली आणि आवाज आला की मूर्तीपुढे पालथं पडायचं असा हुकूम. शद्रख, मेशख, अबेद्नगो या तीन यहूदी तरुणांनी तोच आवाज ऐकला ना? कान काही बंद केले नव्हते त्यांनी, पण वाकले नाहीत. आणि तिथे तंतुवाद्यं आणि पावे होते तसे स्तोत्र १५० मध्येही आहेत, तिथे ती देवाच्या स्तवनाला लावलीत. उलट बाजूने आमोस ५ बघा, तिथे गाणी देवाचीच आहेत, वीणाही आहे, तरी देव म्हणतो हा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, कारण गोरगरिबांवर अन्याय चालू होता. हे तिन्ही उतारे शेजारी ठेवले की वाद्य पवित्र की अपवित्र हा वाद आपोआप खाली बसतो.

आता प्रत्यक्ष पारख. गाण्याचे शब्द वहीत हाताने उतरवून काढा, चाल पूर्ण बाजूला ठेवा, आणि कोणाला तरी पत्र वाचून दाखवावं तसे मोठ्याने वाचा. हे करून बघाच, कारण चांगल्या चालीत कमजोर शब्द खपून जातात आणि आपल्याला कळतही नाही. वाचताना बघायचं की हे गाणं कोणाशी बोलतंय, देवाबद्दल नेमकं काय सांगतंय, आणि माझ्याकडून काय मागतंय. हल्लीच्या बऱ्याच कोरसमध्ये (छोट्या उपासना गीतांमध्ये) मला काय वाटतं, मला काय मिळेल, माझा शत्रू कसा पडेल एवढंच असतं, वधस्तंभ नाही, पाप नाही, क्षमा नाही, शेजारी तर नाहीच नाही. कलस्सैकरांस ३:१६ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की गीतांनी एकमेकांना शिकवायचं आणि बोध करायचा. म्हणजे गाणं शिकवतंच, प्रश्न एवढाच की काय शिकवतंय. तेच सिनेमाच्या गाण्यालाही लावा, ख्रिस्ती नाही म्हणून लगेच वाईट ठरवू नका, आईवरचं, पावसावरचं, कष्टावरचं चांगलं गाणं देवाच्या सृष्टीतलंच आहे, पण बाईला वस्तू बनवणारं गाणं कितीही ठेका धरायला लावत असलं तरी ते आत काहीतरी रुजवत असतं.

दुसरी गोष्ट, गाणं संपल्यावर स्वतःकडे बघा. ऐकताना नाही, नंतर. अर्ध्या तासाने घरच्यांशी कसं बोलताय, मन कुठे धावतंय, जुना राग वर आला का, नको त्या आठवणीत परत जाऊन बसलात का. एखाद्याला ब्रेकअपची गाणी रात्री इअरफोन लावून ऐकायची सवय असते आणि मग तो म्हणतो प्रार्थनेत मन लागत नाही, तर मन आधीच दुसरीकडे गुंतवून ठेवलंय ना. अशा वेळी एक आठवडा ती प्लेलिस्ट बंद ठेवून बघायची, फरक पडला तर उत्तर मिळालं, नाही पडला तर गाण्याला दोष देऊ नका, कारण दुसरीकडे शोधा.

आता चालींचा विषय, कारण आपल्याकडे खरं भांडण इथे होतं. अभंगाच्या चालीवर, ओवीवर, कीर्तनाच्या ढंगात ख्रिस्ताचं गाणं म्हटलं की काही जण अजूनही म्हणतात हे हिंदूंचं आहे, याने जुनं वारं परत येतं. त्यांना इतिहास सांगा. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, ते अख्खं ओवीत आहे. एकोणिसाव्या शतकात नगरकडे अमेरिकन मराठी मिशनमधल्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आणि कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, ते तर तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे, त्यांनी ख्रिस्ताला अभंगात गायलं आणि 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली त्यांची पदं आपण आजही रविवारी म्हणतो. आजी ज्या पदांवर रडायच्या ती याच मातीतली होती. ओवी जात्यावरच्या बायकांची आहे, ती कोणत्याही आत्म्याच्या मालकीची नाही.

पण इथे एक गोष्ट जपायला लागते. आमच्या भागातल्या एका प्रार्थना सभेत एक ताई नव्याने यायला लागल्या, त्यांच्या माहेरी गोंधळ असायचा आणि लहानपणापासून संबळ वाजला की त्यांच्या अंगात यायचं. एकदा तरुणांनी हौसेने संबळावर गीत बसवलं, शब्द एकदम चांगले, पण पहिली थाप पडली आणि ताईंचे हात गार पडले, ओठ हलायचे थांबले, त्या उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. संबळात काही होतं का? मी म्हणेन नाही. ताईंच्या आठवणीत होतं का? हो, आणि ते खरंखुरं होतं. अशा वेळी १ करिंथकरांस ८ वा अध्याय लागू होतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही हे पौलाला माहीत होतं तरी तो म्हणाला माझ्या खाण्याने भाऊ अडखळणार असेल तर मी मांस खाणारच नाही. संबळ बाजूला ठेवला, पेटी तबल्यावर तेच गीत घेतलं, कोणाचं काही बिघडलं नाही. तुमच्याकडे असं कोणी असेल तर त्यांना सगळ्यांसमोर समजावत बसू नका, वाद्य बदला आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करा.

याच्याच जोडीला येणारा प्रश्न म्हणजे शेजारी आरती चालू असते, मिरवणुकीचे ढोल दारावरून जातात, ऑफिसमध्ये भजन लागतं, तर आपल्यावर काही येतं का. नाही हो. ऐकू येणं वेगळं आणि पूजेत भाग घेणं वेगळं, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायात पौल हाच फरक करतो, बाजारातलं मांस चौकशी न करता खा पण मूर्तीच्या पंगतीत वाटेकरी होऊ नका. खिडक्या धाडधाड लावून घेऊ नका, शेजाऱ्याला ते लागतं, आणि त्याच शेजाऱ्यावर आपण प्रीती करायची आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गोष्टींमध्ये वेळ घालवू नका. गाणं उलटं वाजवलं की सैतानाचा निरोप ऐकू येतो ही भीती अमेरिकेत १९८० च्या दशकात खूप पसरली होती, पण उलट्या आवाजात काय ऐकू येणार हे आधी सांगितलं की माणसाला तेच ऐकू यायला लागतं. दुसरा फॉरवर्ड ४४० हर्ट्झ वाईट आणि ४३२ हर्ट्झ दैवी असा. ४४० हे वाद्यं जुळवायच्या सुराचं माप १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरलं ते सगळीकडच्या वाद्यांचा मेळ बसावा म्हणून, आणि आपल्याकडे तर सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे धरतात, कोणी काळी एक, कोणी पांढरी चार, मग देव कोणत्या पट्टीत येणार? सैतान स्वर्गात संगीताचा प्रमुख होता हेही ठासून सांगतात, आणि यहेज्केल २८ दाखवतात, तर तो अध्याय उघडून बघा, ते बोलणं सोरच्या राजाला उद्देशून आहे. कोणी त्यात सैतानाची सावली बघतात ते बघू देत, पण त्यावरून संगीत त्याच्या ताब्यात दिलं असं होत नाही.

वर्शिप टीमवाल्यांसाठी थोडं जास्त लिहितो, कारण परिणामाची सगळ्यात मोठी जबाबदारी त्यांच्यावर असते. प्रार्थना चालू असताना मागे की-बोर्डचा लांबलचक सूर धरला, आवाज हळूहळू चढवला, ड्रम आले, की अंगावर काटा येतोच, कॉन्सर्टमध्येही येतो. त्याला लगेच अभिषेक, म्हणजे पवित्र आत्म्याचं येणं, म्हणायचं नाही. प्राचीन मंडळीतला धर्मगुरू ऑगस्टीन, त्याने हे फार पूर्वी ओळखलं होतं, मिलानच्या मंडळीतली गीतं ऐकून तो रडला होता आणि तरी त्याने लिहून ठेवलं की गायल्या जाणाऱ्या गोष्टीपेक्षा गाण्यानेच मी जास्त हेलावलो तर ते माझं पाप आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक झ्विंगली, त्याने तर स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा असूनही झुरिकच्या उपासनेतून संगीत काढूनच टाकलं, आणि दुसरा धर्मसुधारक लूथर याने त्याच काळात संगीताला ईश्वरज्ञानाच्या खालोखाल जागा दिली. मी लूथरच्या बाजूचा, पण ऑगस्टीनची भीती खिशात ठेवून. म्हणून एक करा, प्रत्येक रविवारी एका गीताचं एक कडवं वाद्यांशिवाय घ्या. मंडळी गाते की नुसती ऐकते ते तिथल्या तिथे कळतं. पट्टी गायकाच्या सोयीची नको, मंडळीच्या गळ्याची धरा, आणि आवाज एवढाच ठेवा की मागच्या बाकावरच्या आजीला स्वतःचं गाणं ऐकू आलं पाहिजे. गीतं पाळकसाहेबांना त्या दिवशीचा उतारा विचारून निवडा. २ राजे ३ मध्ये संदेष्टा अलीशा याने वाजवणारा बोलावला, तो वाजवू लागला आणि मग देवाचं वचन आलं, आणि वचन काय होतं, तर खोऱ्यात खड्डे खणा. वाजवणं वचनाकडे आणि कामाकडे घेऊन गेलं, तिथेच घुटमळत राहिलं नाही.

घरात कोणी आजारी असेल, मन खचलं असेल, तर गीतं जरूर लावा, त्याहून चांगलं म्हणजे शेजारी बसून हळू आवाजात म्हणा. पण रात्रभर स्पीकर मोठ्याने चालू ठेवून त्या माणसाला झोपू न देणं, याने दुष्टात्मा जाईल म्हणणं, हे गाण्याचा ताईत करणं झालं. झोप नसेल, भास होत असतील, जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी निघत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, प्रार्थना आणि गीतं त्याच्या जोडीला चालू ठेवा.

मुलांच्या बाबतीत, फोन हिसकावून प्लेलिस्ट डिलीट करायची नाही. त्यांच्या आवडीचं एक गाणं त्यांच्याबरोबर बसून पूर्ण ऐका, मधे तोंड वाकडं न करता, मग विचारा यात तुला काय आवडलं, आणि मग तीच वही काढून शब्द उतरवायला त्यालाच सांगा. बऱ्याचदा मूल स्वतःच म्हणतं की हे कडवं जरा घाण आहे. आणि कधी कधी तुम्हालाच कळतं की गाणं चांगलं आहे, नुसता आवाज मोठा होता. तसं असेल तर त्याला तसं सांगा आणि पुढच्या वेळी गाडीत तेच लावा.