घरी मुलांचं वाचन सुधारताय? या चुका टाळा

वाचता वाचता मूल दर दोन शब्दांनी मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे बघतं का, हे आधी पाहा. बघत असेल तर त्याचं निम्मं लक्ष पुस्तकात आणि निम्मं ‘आता बोलणी बसतात की काय’ याकडे आहे. नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडच्या कित्येक घरांत संध्याकाळी हेच चालतं. आई-बाबा ऑफिसातून दमून येतात, जेवणाआधी कसाबसा वेळ काढून ‘वाचून दाखव बघू’ म्हणतात, आणि तेवढ्या वेळात मुलाच्या मनातून पुस्तक उतरतं. तळमळ खरी असते, पद्धत चुकते.

शब्द चुकला की लगेच अडवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. ‘बाबा कामाला गेले’ हे मूल ‘बाबा कानाला...’ असं वाचतं आणि आपण लगेच ‘कामाला! नीट बघ!’ म्हणून मोकळे होतो. वाक्य पुरं करू दिलं असतं तर बरेचदा ते स्वतःच थबकलं असतं, कारण बाबा कानाला जात नाहीत हे त्याला ठाऊक आहे. आपली चूक आपणच पकडणं हे वाचनातलं फार मोठं कौशल्य आहे आणि सारखं टोकून आपण ते रुजूच देत नाही.

म्हणून वाक्य संपू द्या. मग साध्या आवाजात विचारा, ‘बाबा कुठे गेले रे? अर्थ लागतोय का?’ एखाद्या शब्दाशी अडलं तर मनात पाचपर्यंत मोजा. तरी जमलं नाही तर शब्द सांगून टाका आणि पुढे वाचू द्या. ‘मुलगी घरी गेली’ऐवजी ‘घरात गेली’ वाचलं, तर तेवढ्यासाठी थांबवू नका. पण पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द ठोकून देण्याची सवय दिसली, तर चित्रं कमी असलेली, पण सोपीच गोष्ट द्या. चित्रावरून अंदाज बांधता आला नाही की डोळे आपोआप शब्दाच्या शेवटापर्यंत जातात.

इयत्तेचा हट्ट

२०२० च्या कायद्यापासून राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं झालं. इंग्रजी माध्यमातली आपली मुलं घरात फाडफाड मराठी बोलतात, पण पाचवीचा धडा समोर आला की अडखळतात. अशा वेळी पाचवीचंच पुस्तक दामटण्यात अर्थ नाही. एका पानावर पाचाहून जास्त शब्दांशी अडत असेल तर ते पान त्याला जड आहे. दोन इयत्ता खाली या, आणि ‘हे तर बाळांचं पुस्तक’ असं भावंडांसमोर चुकूनही बोलू नका.

पुस्तकांवर खर्च करायलाच हवा असंही नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या मोफत संकेतस्थळावर मराठी गोष्टी सोप्याकडून अवघड अशा चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय तर १८९३ पासूनचं. तिथे किंवा घराजवळच्या वाचनालयात मुलाला सोबत न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या.

जोडाक्षरांचा एकदम मारा

‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘दऱ्या’. चारही शब्दांत र आहे आणि चारही ठिकाणी त्याचं रूप वेगळं. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्याच्या आधी उच्चारायचा असतो. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या अलीकडे येते, उच्चारताना मात्र नंतर. मोठ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात अवघड काय, हेच दिसत नाही. ‘सर्व’ला ‘सरव’ किंवा ‘सव्र’ वाचणाऱ्या मुलावर निष्काळजीपणाचा शिक्का मारण्याआधी हे आठवा.

उपाय म्हणजे एका आठवड्याला एकच रूप. या आठवड्यात फक्त रफार. पेपरातल्या मथळ्यांत तो शोधायचा आणि सापडला की पेन्सिलीने गोल करायचा, ‘मार्च’, ‘पूर्व’, ‘अर्ज’, ‘वर्ग’. लांब शब्दांची भीती घालवायला आपली ट्रान्सहार्बर लोकल फार कामाची. ‘कोपरखैरणे’ची पाटी आली की ‘कोपर’ आणि ‘खैरणे’ असे दोन तुकडे पाडून वाचायला सांगा. मग तुर्भ्याच्या पाटीवर तो रफार भेटतोच.

वाचता यायला लागलं की वाचून दाखवणं बंद

‘आता तुझं तू वाच’ हे आपण फार लवकर म्हणतो. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च लिहायला सारखे, उच्चाराला वेगळे. ज आणि झ यांचंही तेच. लिपीत त्याची काही खूण नाही, ते कानानेच कळतं. आजी-आजोबा गावी आणि घरात निम्मं बोलणं इंग्रजीत, अशा मुलाच्या कानावर गोष्टीतली मराठी पडणार कुठून? म्हणून चौथी-पाचवीपर्यंत तरी रोज दहा मिनिटं तुम्ही वाचा. एक परिच्छेद तुमचा, एक त्याचा. आजी गावी असेल तर फोन स्पीकरवर ठेवून तिच्याकडून गोष्ट ऐकली तरी चालेल. भराभर वाचतं पण विचारलं तर काहीच सांगता येत नाही, अशा मुलालाही याचाच उपयोग होतो. मध्येच थांबून ‘आता काय होईल गं?’ एवढंच विचारायचं. धड्याखालच्या प्रश्नांसारखी सरबत्ती नको.

सगळ्याला ‘आळस’ म्हणणं

ओळ सुटते, पुस्तक नाकाला लावलं जातं, थोडं वाचलं की डोकं दुखतं? आधी डोळे तपासून घ्या. घ-ध, भ-म यांची अदलाबदल पहिली-दुसरीत होतेच, तेव्हा लगेच घाबरू नका. पण नियमित सराव होऊनही तिसरीत, म्हणजे आठव्या वर्षाच्या सुमारास, तेच चाललं असेल आणि बोलण्यात मूल चुणचुणीत असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार मुलालाही वाचन-लेखन जड जातं त्या अडचणीची, तपासणी करून घ्यायला हवी. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि निदान झालेल्या मुलांना परीक्षेत जास्तीच्या वेळेसारख्या सवलती मिळतात. जाताना शाळेच्या वह्या बरोबर न्या, आणि ‘तुला काहीतरी झालंय’ असं न म्हणता ‘वाचन सोपं कसं होईल ते विचारायला जातोय’ असं मुलाला आधीच सांगा.