करवतमाशी आणि डोंगळा: औषध मारण्याआधी या चुका टाळा

करवतमाशी म्हणजे सॉफ्लाय. ती आणि डोंगळा एकाच गणातले, पण करवतमाशीची अळी पान खाते. डोंगळा पान खात नाही आणि लाकूडही खात नाही.

सगळ्यात महागात पडते ती अळी ओळखण्यातली चूक. खान्देशात रब्बीच्या तोंडावर मुळा-मोहरीची रोपं तीन-चार आठवड्यांची झाली की हिरवट काळी, पाठीवर पाच पट्टे असलेली अळी दिसते. लष्करी अळी समजून तिच्यावर बीटी जिवाणूचं औषध मारलं जातं. बाजारातलं नेहमीचं बीटी पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर चालतं. ही गांधीलमाशीच्या नात्यातली, तिला ढिम्म फरक पडत नाही. म्हणून पाय मोजा. पुढच्या तीन जोड्या सोडून मागे मांसल पायांच्या आठ जोड्या भरल्या तर करवतमाशी. पाच किंवा कमी असतील तर पतंगाची अळी. बोट लावताच करवतमाशीची अळी गुंडाळी करून खाली पडते. ही खोड कामाला येते: सकाळीच रोपाखाली साबणाच्या पाण्याची परात धरून रोप झटका. दुपारी शोधाल तर हाती काही लागणार नाही, तेव्हा ती लपलेली असते. रोपावस्थेत पाणी भरलं तरी बऱ्याच अळ्या बुडून मरतात. उरलेल्यांना पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, गाळून दहा लिटर करा. कोष मातीत असतो, म्हणून उन्हाळी नांगरट चुकवू नका.

सातपुड्यात सागाच्या पानांच्या नुसत्या शिरा उरतात, ते काम मात्र पतंगाच्या अळीचं.

डोंगळ्यावर उगाच आळ येतो. आंब्याच्या खोडात भोक, खाली भुसा, आत-बाहेर डोंगळे. झालं, तोच गुन्हेगार! जिवंत लाकूड पोखरणारा बहुतेक वेळा भिरूड, म्हणजे भुंग्याची अळी, असतो, डोंगळे मागाहून राहायला येतात. आपला काळा डोंगळा तर बहुधा झाडाच्या बुडाशी मातीतच घर करतो. घराच्या तुळईत पोकळी सापडली तर आत बघा: मातीनं लिंपलेली असेल तर उधई, म्हणजे वाळवी. स्वच्छ कोरलेली असून भुशात किड्यांचे पाय-पंख मिसळले असतील तर डोंगळा, आणि मग आधी गळकं धाबं दुरुस्त करा, कारण त्याला ओलं, कुजकं लाकूडच सोपं पडतं.

खोडावरच्या रांगेवर फवारणीही वाया जाते. राणी वारुळात सुखरूप असते. डोंगळे वर चढतात ते माव्याच्या गोड चिकट्यासाठी. आधी मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मग खोडाला वीतभर रुंद प्लॅस्टिक घट्ट गुंडाळून त्यावर ग्रीस लावा, थेट सालीवर नको. जमिनीला टेकलेली एक फांदी जरी राहिली, तरी डोंगळे तिथून वर चढतात.