बदकांच्या विष्ठेतून बर्ड फ्लूचा माग

थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदकं आतड्यात बर्ड फ्लूचा विषाणू बाळगूनही ठणठणीत दिसतात. म्हणून मेलेला पक्षी सापडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. नांदूर मधमेश्वर किंवा नाथसागरासारख्या पाणवठ्यावर नोव्हेंबर ते मार्च, दर पंधरा दिवसांनी, त्याच जागेवरून, त्याच वेळी मोजणी करा. जातवार आकडा, आजारी किती, मेलेले किती, सगळं लिहा. मृत पक्षी शून्य असतील तर शून्य लिहा. रकाना कोरा सोडलात तर कोणी पाहिलंच नाही असा अर्थ होतो.

पक्षी पकडून घशाचा आणि अवस्कराचा (विष्ठा बाहेर पडते त्या छिद्राचा) स्वॅब, म्हणजे काडीच्या टोकावरच्या बोळ्याने पुसून नमुना, घेणं हे पशुवैद्यकांचं काम, आणि त्याला वनखात्याची परवानगी लागते. अभयारण्यात विष्ठा गोळा करायची तरी आधी विचारा. पण नियमित पाहणीला विष्ठा पुष्कळ उपयोगी पडते.

एकाच जातीचा थवा काठावर विसावलेला शोधा. आधी दुर्बिणीतून मोजा, तो उडाल्यावर लगेच जागेवर जा. ओली, चकाकणारी विष्ठाच घ्या. उन्हात सुकलेली वाया जाते. दोन नमुन्यांत दोन-तीन मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाच बदकाची विष्ठा दोनदा घेतली जाते. स्वॅब प्लास्टिकच्या काडीचा आणि कृत्रिम धाग्याचा हवा. लाकडी काडी, कापसाचा बोळा नको. पांढरा भाग आणि माती टाळून तो ओल्या भागात फिरवा. तांदळाच्या दाण्याएवढी विष्ठा पुरे. इथेच बहुतेकांचं चुकतं: भरपूर घेतली की तिच्यातली द्रव्यं पीसीआर चाचणीत (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) अडथळा आणतात. स्वॅब व्हीटीएमच्या (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या गुलाबी द्रवाच्या) कुपीत बुडवून काडी मोडा, झाकण घट्ट लावा. हा द्रव आधीच पिवळा किंवा गढूळ झाला असेल तर ती कुपी बाद.

कुपीवर क्रमांक, जात, तारीख, जागा लिहा. साधी शाई बर्फाच्या पाण्यात पुसली जाते. कुपी थर्माकोलच्या पेटीत, आइस पॅकमध्ये ठेवा आणि ४ अंशांवर ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. घरच्या डीप फ्रीझरमध्ये गोठवू नका. गोठून वितळताना बराचसा विषाणू मरतो.

किती नमुने? थव्यात १ टक्का पक्षी बाधित असतील तर निदान एक तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे ३०० लागतात. ५ टक्के असतील तर ६० पुरतात. वीस नमुने निगेटिव्ह आले म्हणून पाणवठा सुरक्षित, असं म्हणता येत नाही.

मृत पक्षी दिसले की पशुसंवर्धन विभागाला आणि वनखात्याला कळवा, हात लावू नका. मान पिळलेली, गोल गोल पोहणं, डोळे ढगाळ ही बर्ड फ्लूची चिन्हं असू शकतात. मान लुळी पडली असेल तर बोट्युलिझमचाही (जिवाणूच्या विषाने होणारा लकवा) संशय घ्या. २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरात हजारो पक्षी मेले ते बोट्युलिझमने, तर २०२१ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातल्या पोंग धरणावर पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) मेले ते बर्ड फ्लूने. लांबून दोन्ही ढीग सारखेच दिसतात, निवाडा भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेतच होतो.

परतताना गमबूट आधी ब्रशने धुवा, मग हायपोक्लोराइटमध्ये (क्लोरीनयुक्त जंतुनाशकात) बुडवा. चिखल राहिला तर तोच क्लोरीन संपवतो. त्या दिवशी कोंबड्यांच्या शेडकडे फिरकू नका.