पिंजऱ्यामागची फेरी: या चुका टाळा

सातारा-सांगलीकडची मंडळी घेऊन मी वर्षातून दोन-तीनदा प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या बाजूला जातो. जिथं चारा तोडतात, मांस तोलतात, आजारी जनावर वेगळं ठेवतात, तिथं. परवानगी मोठ्या मिनतवारीनं मिळते आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्याच त्या चुका सुरू होतात.

पहिली चूक पायात असते. आपल्याकडची निम्मी माणसं पहाटे धारा काढून, शेणघाण करून त्याच चपलेवर गाडीत बसतात. मग दारातला जंतुनाशकाचा उथळ हौद लांब टांग टाकून ओलांडतात, कारण पाय भिजतात. लाळ्या-खुरकूत आपल्या गोठ्यातला रोग. गाय-म्हैस औषधपाण्यानं बहुधा सावरते. पण चितळ-सांबराच्या तोंडात फोड आले तर रोज त्याला धरून औषध कोण लावणार? हा विषाणू चपलेवर, कपड्यावर, गाडीच्या चाकावर बसून येतो. पोल्ट्रीवाल्यांनाही हेच सांगणं. 2024 च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले.

माझी सवय अशी: चप्पल आदल्या रात्री ब्रशनं घासायची, कारण शेणाच्या थराखाली औषध पोचतच नाही. मग हौदात उभं राहून सावकाश तीसपर्यंत आकडे मोजायचे. घरी लाळ्या चालू असेल त्यानं यायचंच नाही. यावरून माझ्या सख्ख्या मेव्हण्याशी वाकडं आलं, तरी मी त्याला नेलं नाही.

दुसरी चूक फोटोची, आणि ती मला अजून झोपू देत नाही. विट्याच्या गटात एक तरुण होता. काळवीट कडब्यात तोंड घालून उभं. शिंगं फोटोत नीट येईनात म्हणून त्यानं जाळीवर गाडीची किल्ली वाजवली. नर उसळला, समोरच्या जाळीवर आदळला, फिरला, पुन्हा आदळला. किती वेळा, ते मोजता आलं नाही. कीपरमामांनी हाताच्या खुणेनं आम्हाला खाली बसवलं, कुणाला बोलू दिलं नाही. शेवटी तो कोपऱ्यात थांबला तेव्हा तोंड उघडं, जीभ बाहेर, मागचे पाय लटलट कापत होते. रक्ताचा थेंब नाही, शिंग शाबूत. "बघा, काही झालं नाही," तरुण म्हणाला. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला, "दादा, आपला काळा गेला."

डॉक्टर याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. भीतीनं जिवाच्या आकांतानं धावलेल्या हरणाचे स्नायू आतून मोडतात, त्याचं विष मूत्रपिंडात उतरतं, लघवी काळ्या चहासारखी होते. जनावर काही तासांनी मरतं, कधी काही दिवसांनी. म्हणून वर दिसायला काही नसलं तरी काही झालं नाही असं म्हणू नये. पुढच्या मोकळ्या आवारातलं जनावर आपल्याला चुकवून लांब पळू शकतं, मागच्या खोलीतल्याला जागाच नसते.

तेव्हापासून मी मोबाईल आणि किल्ल्या गाडीतच ठेवायला लावतो. आत गेलं की भिंतीला पाठ लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. ज्याला पाच मिनिटं बसवत नाही त्यानं पुढच्या बाजूनं वाघ बघावा, तिथं काही अडत नाही. एका तासात सगळं दाखवा म्हणणाऱ्यांना मी आता नेतच नाही.

बाकीचं थोडक्यात. चपाती, बिस्किटं खिशातून काढू नका. रवंथ करणाऱ्याच्या पोटात पीठ जास्त गेलं की आम्ल वाढतं, पोट फुगतं. जाळीत बोट घालू नका. अत्तर लावून येऊ नका. वाघाचं ताट रिकामं दिसलं की "उपाशी ठेवलाय" म्हणून ओरडू नका; बऱ्याच ठिकाणी आठवड्यातला एक दिवस मांसाहाऱ्यांचा उपासाचा असतो. आणि बाटलीनं दूध पिणारं बछडं बघून ऊसतोडीत सापडलेलं पिल्लू उचलून आणू नका. वनखात्याला कळवा, फड सोडून बाजूला व्हा. पिल्लू होतं तिथंच राहिलं तर रात्री आई बहुतेक वेळा येऊन नेते.

परतल्यावर थेट गोठ्यात शिरू नका. तीच चप्पल अंगणात पुन्हा घासा, कपडे बदला, मग धारेला बसा.