गौरीपूजनाच्या दिवशी घरी पंगत घालताना

ज्येष्ठा गौरींचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होत असल्यामुळे, चतुर्थीनंतर कितव्या दिवशी गौरी जेवणार हे दरवर्षी बदलते. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि पूजन 1 सप्टेंबरला, म्हणजे सोमवारी, ऐन कामाच्या दिवशी आले. म्हणून पंचांगात वार पाहून मगच आमंत्रणे करावीत आणि घरातल्या ज्यांना नोकरीवरून रजा काढावी लागणार आहे, त्यांनी ती आधीच काढून ठेवावी. पुढची सगळी आखणी मात्र एकाच गोष्टीवर बेतावी: ज्यांनी पहाटेपासून स्वयंपाक केला, त्यांनाही पंगतीत बसून गरम पोळी मिळाली पाहिजे. पाहुण्यांची चार ताटे उठल्यावर ओट्याशी उभ्याने जेवणे ही आपल्या घरांतली जुनी सवय आहे आणि ती मोडण्यासारखी आहे.

आमंत्रण आठवडाभर आधी फोनवर करावे आणि त्यांच्याकडेही गौरी असतात का, हे तेव्हाच विचारून घ्यावे, कारण ज्यांच्या घरी गौरी बसतात त्यांना त्या दुपारी येणे जमत नाही. गणेशोत्सवात संध्याकाळी पुण्यातला लक्ष्मी रस्ता आणि आसपासच्या पेठांमध्ये गाडी घेऊन जाणे अवघड होते, म्हणून जेवणाची वेळ साडेबाराची ठेवणे सोयीचे. घर पेठेत असेल तर पाहुण्यांना मेट्रोने यायला सुचवावे. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस मंडईचे स्थानक सुरू झाल्यापासून वयस्कर मंडळींचीही चांगली सोय झाली आहे.

खरेदीचे दोन भाग करावेत. हरभऱ्याची डाळ, गूळ, सुके खोबरे, गोडा मसाला, जायफळ आणि तूप हा कोरडा जिन्नस चतुर्थीपूर्वीच घरात यावा. केळीची पाने, फुले आणि भाज्या आवाहनाच्या दिवशी सकाळी लवकर आणाव्यात. सोळा भाज्यांच्या भाजीसाठी प्रत्येक भाजी पावशेर घेतली तर चार किलोंचा ढीग होतो, म्हणून मूठ-मूठभरच घ्यावी: लाल भोपळा, दुधी, पडवळ, दोडका, घोसाळे, भेंडी, गवार, श्रावणघेवडा, सुरण, अळू, कच्चे केळे, मक्याचे कणीस, ओल्या शेंगा, असे जमेल तसे. सुरण आणि अळू असल्यामुळे चिंच किंवा आमसूल विसरू नये, नाहीतर घशाला खाज सुटते. चिरण्याचे काम आदल्या रात्री घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी मिळून उरकावे. भेंडी आणि केळे तेवढे सकाळसाठी ठेवावे. त्या संध्याकाळी गौरींना भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य असतो, त्यामुळे हाताशी वेळ असतो.

पुरणाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. एक किलो डाळीला एक किलो गूळ घेतला की मध्यम आकाराच्या साधारण तीस पोळ्या होतात, म्हणजे पंधरा माणसांना पुरतात. डाळ दोन-तीन तास भिजवून, बोटाने चेपल्यावर सहज मोडेल इतकी मऊ शिजवावी आणि चाळणीवर ओतून कट पूर्ण निथळू द्यावा. डाळीत पाणी राहिले तर गूळ घातल्यावर पुरण सैल होते आणि मग ते आटवण्यात अर्धा तास जातो. गूळ विरघळून मिश्रण घट्ट होऊ लागले की कढईला लागू न देता सतत हलवावे. कालथा मधोमध उभा केला आणि तो पडला नाही, की पुरण झाले. ते गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे, कारण गार झालेले पुरण दळताना हात भरून येतात. वेलदोडा आणि जायफळ शेवटी घालावे. कणीक मीठ-तेल घालून सैलसर भिजवावी, तेलाचा हात लावून चांगली तिंबावी आणि दोन तास झाकून ठेवावी.

निथळलेल्या कटात चिंचेचा कोळ, गोडा मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण, गूळ आणि चमचाभर पुरण घालून आमटी उकळावी. ही आमटी मुरल्यावरच चांगली लागते, म्हणून ती सकाळी सर्वांत आधी करून बाजूला ठेवावी. त्यानंतर भाजी, पंचामृत आणि वरण करावे. भात आणि भजी शेवटी करावीत. भातासाठी आंबेमोहोर घेतल्यास मूद नीट पडते आणि वासही दरवळतो. नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, हे मदतीला येणाऱ्यांना आधीच सांगावे.

पान मांडताना त्याचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावे. मीठ वरच्या बाजूला मध्यभागी, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि पंचामृत, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, तर मूद समोर. वरणावर तूप पडले की जेवायला सुरुवात करावी. ज्यांना खाली बसणे जमत नाही त्यांच्यासाठी त्याच खोलीत टेबल मांडावे. त्यांना वेगळ्या खोलीत बसवू नये. पहिल्या पंगतीच्या दोन-दोन पोळ्या आधी लाटून-भाजून डब्यात कापडात गुंडाळून ठेवाव्यात, म्हणजे तव्यापाशी कोणाला अडकून पडावे लागत नाही. दुसऱ्या पंगतीला वाढण्याचे काम पहिल्या पंगतीत जेवलेल्यांनी करावे.

संध्याकाळच्या हळदीकुंकवाला नात्यातल्या आणि सोसायटीतल्या सगळ्या स्त्रियांना बोलवावे, पती हयात नसलेल्यांनाही. ज्या काकूंनी वर्षानुवर्षे आपल्या घरी गौरी उभ्या करायला मदत केली, त्यांनाच त्या दिवशी वगळणे योग्य नाही. त्यांना हळदीकुंकू आणि ओटी इतरांच्या बरोबरीने, त्याच रांगेत द्यावी. कोणी स्वतःहून नको म्हटले तर आग्रह करू नये, पण विचारायचे टाळूही नये.

उरलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर संपतात. आमटी मात्र रात्री एक उकळी काढून ठेवावी. विसर्जनाला काही घरांत दहीभाताबरोबर मुरडीचा कानवला लागतो. तुमच्याकडे तशी पद्धत असेल तर त्याच्या सारणाची तयारीही आदल्या रात्रीच करून ठेवावी, म्हणजे सकाळी धांदल होत नाही.