ऍरिदमियाचं मॉडेल करताय? आधी रॅटचा श्वास बघा

एम.फार्म.ला ऍरिदमियाचं मॉडेल (औषध तपासायला रॅटच्या हृदयाचे ठोके मुद्दाम अनियमित करणं) घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. भुलीच्या युरेथेनचा डोस, ईसीजीची लीड टू, ठोके बिघडवणाऱ्या ॲकोनिटिनचं शिरेतून इन्फ्युजन हे तुम्हाला येतंच. घोळ होतो तो श्वासात, आणि थिसिसमध्ये त्याबद्दल जेमतेम एक ओळ असते: 'प्राणी स्वतः श्वास घेत होते.'

घेत होते, पण कसा? खोल भुलीत श्वास हळूहळू अपुरा पडत जातो. कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, हृदयाला पळवणाऱ्या सिम्पथेटिक नसांचा जोर वाढतो, पेशींबाहेरचं पोटॅशियम चढतं. तिकडे इन्फ्युजन चालूच असतं. या मॉडेलमध्ये डोस म्हणजे दर गुणिले वेळ, त्यामुळे जो रॅट जास्त वेळ टिकतो त्याचाच श्वास जास्त बिघडलेला असतो. पहिला एक्टोपिक (भलत्याच जागेतून उठलेला) ठोका औषधाचा की कार्बन डायऑक्साइडचा, हे ईसीजी सांगत नाही. त्यात चाचणीचं औषध गुंगी आणणारं असेल (वनस्पतींच्या अर्कांत असे बरेच), तर दोन ग्रुपचा श्वासही वेगळा. पी व्हॅल्यू झकास येते आणि श्रेय भलत्याच्या खात्यात जमा होतं.

म्हणून ट्रेकिओस्टॉमी करून (श्वासनलिकेला छेद देऊन नळी घालून) व्हेंटिलेटर लावा. 300 ग्रॅमच्या रॅटला किलोला 8 मिलीप्रमाणे दर श्वासाला 2.4 मिली हवा, मिनिटाला 75 श्वास. म्हणजे मिनिटाला 180 मिली. ही फक्त सुरुवात. पंधरा-वीस मिनिटांनी कॅरोटिडमधून (मानेतल्या धमनीतून) रक्त घेऊन पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) 35 ते 45 मिमीमध्ये आणा, मगच औषध सुरू करा.

खरा सापळा नळीत आहे. वाय कनेक्टर (आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा जिथे वेगळी होते तो जोड) गळ्यापासून 15 सेंटिमीटरवर ठेवला आणि नळीचा आतला व्यास 3 मिलिमीटर असला, तर त्या तुकड्यात 1 मिलीहून जास्त हवा मावते. 2.4 मधली जवळपास निम्मी हवा तीच, आत्ताच बाहेर सोडलेली. डायलवर सगळं बरोबर आणि रॅट गुदमरतोय. कनेक्टर कॅन्युलाला (श्वासनलिकेतल्या नळीला) अगदी चिकटून हवा. माणसांचा साइडस्ट्रीम कॅप्नोग्राफ (श्वासातली हवा ओढून कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) उसना आणू नका. तो मिनिटाला 50 ते 200 मिली हवा ओढतो, म्हणजे रॅटची सगळीच.

याउलट जादा व्हेंटिलेशनही नडतं. पीएच चढला की पोटॅशियम आणि आयनाइज्ड कॅल्शियम उतरतात, आणि पोटॅशियम कमी असेल तर डिजिटॅलिस गटाचं (हृदयावरचं) औषध ठोके लवकर बिघडवतं. रॅट गार पडला तर कार्बन डायऑक्साइड कमी तयार होतो, त्यामुळे सेटिंग तेच राहूनही हाच प्रकार होतो. गुदाशयातलं तापमान 37 वर ठेवा. आणि रक्त घेताना सिरिंजमध्ये पातळ हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त राहिलं तर पीसीओटू खोटाच कमी दिसतो.

स्राव आटवायला ॲट्रोपिन देणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. ॲट्रोपिनने व्हेगसच (हृदयाचा वेग आवरणारी नस) बंद केल्यावर ऱ्हिदम कसला मोजणार? बारीक नळीने सक्शन करा. रॅट मशीनशी झगडत असेल तर आधी भूल, नळी आणि रक्तातले गॅस तपासा. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की भूल उतरलेली कळतच नाही.

पुण्यापुरत्या दोन गोष्टी. आपण सुमारे 560 मीटर उंचीवर आहोत, हवेचा दाब 710 मिमीच्या आसपास. साध्या हवेवर पीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) पुस्तकातल्यापेक्षा थोडा कमी आला तर घाबरू नका, रक्तातले गॅस मोजणाऱ्या मशीनमध्ये हवेचा दाब किती धरलाय तेवढं तपासा. दुसरं, गुरुवारी प्रयोग लावू नका, तो देखभालीसाठी लाइट घालवण्याचा वार. लाइट गेली की बॅटरीवरचा इन्फ्युजन पंप चालू राहतो आणि व्हेंटिलेटर थांबतो. लावायचाच असेल तर व्हेंटिलेटर यूपीएसवर घ्या.

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' असं गाइड म्हणतील. वाद घालू नका, पायलटमधल्या (आधीच्या छोट्या चाचणीतल्या) प्राण्यांचे गॅस रिपोर्ट पुढे ठेवा; आकडे बघून बहुतेकजण ऐकतात. मात्र ते पायलटचे रॅट फॉर्म बीमध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात) आधीच धरा, नाहीतर दोन जादा रॅटसाठी एथिक्स कमिटीच्या पुढच्या मीटिंगपर्यंत बसून राहाल.